स्वाक्षरीचे मोल

बारावीच्या निकालानंतर विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे जे मार्ग मांडले जातात, त्यांत विमान देखभाल अभियंत्याचा व्यवसाय आता ठळकपणे दिसू लागला आहे. त्याला कारणही तसेच आहे. २०२३ साली इंडिगोने एअरबसकडे एकाच वेळी ५०० विमानांची मागणी नोंदवली, तर एअर इंडियाने एअरबस व बोइंग मिळून ४७० विमानांचे करार केले. विमाने वाढणार तर ती राखणारे हातही लागणार, हा तर्क चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे.

अर्थशास्त्रात जिला अप्रत्यक्ष मागणी म्हणतात, तिचेच हे उदाहरण होय. अभियंत्याला मागणी आहे ती विमान उडते म्हणून. २०१२ मध्ये किंगफिशरची, २०१९ मध्ये जेट एअरवेजची आणि २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली, तेव्हा प्रवाशांची गैरसोय झाली. परंतु त्याहून मोठा आघात सोसला तो तेथील कर्मचाऱ्यांनी. हा चढउतार गृहीत धरूनच या व्यवसायाकडे वळले पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या व्यवसायात संस्थेच्या प्रमाणपत्रापेक्षा परवान्याला मोल आहे, आणि तो परवाना प्रशिक्षणसंस्था देत नाही. नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन बारावी झालेला विद्यार्थी मान्यताप्राप्त संस्थेत शिकतो, विषयवार परीक्षा देतो, प्रत्यक्ष देखभालीचा विहित अनुभव घेतो, आणि मगच तो परवान्यास पात्र ठरतो. बी-१ या वर्गात मुख्यतः विमानाचा सांगाडा व इंजिन येते, तर बी-२ मध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. एवढे झाले तरी प्रवास संपत नाही. मोठ्या प्रवासी विमानांच्या बाबतीत त्या त्या जातीच्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यानंतरच ते विमान उड्डाणास योग्य असल्याच्या दाखल्यावर स्वाक्षरी करण्याचा अधिकार मिळू शकतो.

इतका कडेकोटपणा कशासाठी, असे कोणी विचारील. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकासमोरील काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळली आणि कप्तान अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, विमान साउदॅम्प्टनला सुखरूप उतरले आणि कप्तानही वाचला. चौकशीत आढळले ते असे, की ती काच नुकतीच बदलली होती आणि तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ किंचित कमी व्यासाचे होते. रात्रपाळीतील घाईने जुन्या बोल्टाशी केवळ नजरेने जुळवलेले हे बोल्ट होते. स्वाक्षरीचे मोल ते हेच.

म्हणूनच प्रवेश देताना शुल्काचा आकडा आणि भावी वेतनाचे चित्र तेवढे सांगणे, व परवान्याची वाट किती लांब आहे हे न सांगणे, ही पालकांची फसवणूकच ठरते. विक्रेत्याला सर्व ठाऊक आणि ग्राहकाला काहीच नाही, अशा बाजारात चांगल्या संस्थेचेही नुकसान होते. दरवर्षी किती विद्यार्थी घेतले आणि त्यांपैकी किती जणांना प्रत्यक्ष परवाना मिळाला, हे आकडे प्रवेशपत्रिकेत छापण्याची सक्ती प्रत्येक संस्थेवर झाली पाहिजे.

देशाच्या दृष्टीनेही हा प्रश्न लहान नाही. विमानदुरुस्तीवरील वस्तू व सेवा कर २०२० साली १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. परदेशी जाणारे काम येथे यावे हा त्यामागील हेतू. नागपूरला मिहानमध्ये दुरुस्ती केंद्र उभे आहे. तथापि करसवलतीने हँगर उभे राहतील, कुशल माणसे उभी राहणार नाहीत. ती घडवायची तर विद्यार्थ्याने धीर धरावा, पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता आणि प्रत्यक्ष कामाची सोय तपासावी, आणि विमान कंपन्यांनी प्रशिक्षणाच्या खर्चाचा आपला वाटा उचलावा.