दिव्याखालचा अंधार आणि एक जुनी गॅसबत्ती

दीपावलीच्या निमित्ताने घरोघरी पणत्या उजळतात. तेल, वात आणि मातीचे भांडे एवढ्या अल्प सामग्रीवर आपल्या पूर्वजांनी प्रकाशाचे केवढे मोठे चिंतन उभे केले! संस्कृत भाषेत तेलाला ‘स्नेह’ म्हणतात आणि मायेलाही स्नेहच म्हणतात. ‘दशा’ म्हणजे वात, आणि दशा म्हणजे मनुष्याची अवस्थाही. ‘पात्र’ म्हणजे भांडे, आणि पात्र म्हणजे योग्य मनुष्य. म्हणून दिव्याचे वर्णन करू लागावे तो ते माणसाचेच वर्णन होऊन बसते.

या पणतीच्या कुळात फार उशिरा जन्मलेले एक भावंड आज विस्मृतीत गेले आहे. ते म्हणजे गॅसबत्ती. कोणी तिला ‘पेट्रोमॅक्स’ म्हणत, कोणी नुसतेच ‘बत्ती’ म्हणत. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरातील ओसरीपुरता. परंतु गावाचा उत्सव म्हटला की बत्तीच हवी. हरिनाम सप्ताहाचे कीर्तन तिच्याच उजेडात होई, लग्नाची वरात तिच्याच उजेडात निघे, आणि जत्रेत तमाशाचा फडही तिच्याच उजेडात रंगे. बत्तीने भेदभाव केला नाही.

अशीच एक बत्ती पुण्याच्या जुन्या बाजारात मोडीच्या ढिगात पडलेली दृष्टीस पडली. पितळी टाकी काळवंडलेली, काच फुटलेली, पंप आखडलेला. विक्रेत्याने तिची किंमत पितळेच्या वजनावर सांगितली. ती घेऊन मी कोरेगाव भीमा येथे आलो. भीमाशंकरी उगम पावून पुढे पंढरीत चंद्रभागा म्हणवणाऱ्या भीमेच्या काठचे हे गाव. १ जानेवारी १८१८ च्या लढाईमुळे आणि तेथील जयस्तंभामुळे ते देशाला परिचित आहे. जवळच वढू बुद्रुक आणि तुळापूर ही छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानाची स्थाने. नगर रस्त्याच्या रहदारीत, एका लहानशा दुकानात स्टोव्ह आणि बत्त्या दुरुस्त करण्यात ज्यांचा जन्म गेला असे एक वृद्ध कारागीर अजून बसतात. त्यांच्या हाती मी ती बत्ती सोपविली.

त्यांनी प्रथम टाकीत थोडे रॉकेल घालून ती खळखळून धुतली. तळाचा गंज आणि गाळ बाहेर आला. पंपाच्या दांड्याला असलेला चामड्याचा वॉशर वाळून कडक झाला होता. तो टाकून न देता त्यांनी गोड्या तेलात रात्रभर भिजत ठेवला. सकाळी तो मऊ झाला, फुगला आणि पंपाने हवा धरली. मग टाकीत हवा भरून ती पाण्याच्या बादलीत बुडविली. जेथून बुडबुडे आले तेथे गळती. तो सांधा डाखून झाल्यावर नळी आणि निपल उघडले. निपलाचे छिद्र सुईच्या टोकाहूनही सूक्ष्म. तेच काजळीने बुजले होते. पितळेला मात्र त्यांनी चिंच आणि राख याखेरीज काही लावू दिले नाही.

बत्तीचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. पंपाने टाकीत हवेचा दाब वाढतो आणि रॉकेल नळीतून वर चढते. नळी आधी स्पिरिटच्या ज्योतीने तापविलेली असते, म्हणून रॉकेलची वाफ होते. ती वाफ निपलातून वेगाने सुटते, हवेत मिसळते आणि मॅन्टलमध्ये जळते. तथापि डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश ज्योतीचा नसतो, तो मॅन्टलचा असतो. ही सुताची जाळी धातूंच्या क्षारांत भिजविलेली असते. प्रथम पेटविताच सूत जळून जाते आणि उरते ती राखेची जाळी. तीच तापून प्रकाशते. बोट लागले तरी चूर होईल अशी ती नाजूक असते. जळून गेल्यावरच जी प्रकाश देऊ लागते, अशी ही वात!

या मॅन्टलचा शोध ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली लावला. पुढे १८९१ मध्ये थोरियमचे ९९ भाग आणि सेरियमचा १ भाग हे प्रमाण त्याने सिद्ध केले. बर्लिनच्या मॅक्स ग्रेट्झ यांच्या कारखान्यात १९१० च्या सुमारास पेट्रोमॅक्स जन्मास आली. मॅन्टलला लागणारे थोरियम ज्या मोनाझाइट वाळूतून निघते, ती १९०९ मध्ये शोंबर्ग नामक जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आपल्याच देशात, त्रावणकोर संस्थानच्या किनाऱ्यावर आढळली. तात्पर्य, परदेशी दिव्याच्या पोटातही भारतभूमीचा अंश होता.

दुरुस्ती चालू असता मी त्या कारागिरांना सहज विचारले, “बाबा, ही विद्या कोणाकडून शिकलात?” हातातील पाना खाली न ठेवता ते म्हणाले, “शिकवलं कुणी नाही, बुवा. आमचे वडील वरातीत बत्ती डोक्यावर घ्यायचे. बत्ती बिघडली की मजुरी बुडायची. म्हणून दुरुस्ती आली.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “त्या उजेडात नवरदेव दिसायचा, घोडा दिसायचा. आमचे वडील कुणाला दिसले नाहीत.”

वाचकहो, दिव्याखाली अंधार ही म्हण आपण शेकडो वेळा उच्चारतो. बत्तीच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे. प्रकाश देणारे मॅन्टल वर आणि रॉकेलची टाकी खाली, त्यामुळे टाकीची सावली नेमकी तळाशी पडते. ज्याच्या डोक्यावर बत्ती, त्याच्याच मुखावर अंधार! वरून उष्णता, कानाशी तो अखंड सूं सूं आवाज, पायाखाली न दिसणारे खाचखळगे, आणि मान हलविण्याची सोय नाही. हे काम गावातील अत्यंत गरीब माणसांच्या, पुष्कळदा स्त्रियांच्या वाट्याला येई. ज्यांच्या डोक्यावरील उजेडात वऱ्हाड मांडवात पोचे, त्यांना पंगतीत मात्र सर्वांच्या शेवटी, तेही दूर बसविले जाई. प्रकाशाचा महिमा वर्णन करणाऱ्या आम्हा कीर्तनकारांनी या सावलीवर निरूपण क्वचितच केले.

बत्ती दुरुस्त झाली. सप्ताहाच्या मंडपात, उघड्या बाजूला, खांबाच्या आकड्याला ती टांगली. कोणाच्या डोक्यावर दिली नाही. कारागीरबाबांना पहिल्या रांगेत बसविले. बत्तीने आवाज धरला, पिवळी ज्योत पांढरी झाली आणि समोर बसलेल्या त्या वृद्ध मुखावर स्वच्छ उजेड पडला. त्या दिवशीचे निरूपण मला फार लांबवावे लागले नाही.

ज्या घरी अशी बत्ती माळ्यावर पडून असेल, त्यांनी ती मोडीत घालण्यापूर्वी जाणत्या हाताला दाखवावी. पेटवायची असल्यास टाकी काठोकाठ न भरता पाऊण भरावी. रॉकेल आता सहज मिळत नाही म्हणून पेट्रोल घालण्याचे साहस कदापि करू नये, स्फोट होतो. बंद खोलीत ती लावू नये, कारण तिच्यापासून विषारी वायू साठतो. जुन्या मॅन्टलमधील थोरियम किरणोत्सर्गी असते, म्हणून फुटलेल्या मॅन्टलची पूड फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. हल्ली थोरियमविरहित मॅन्टलही मिळतात. विझविताना हवेचा स्क्रू सैल करून दाब सोडावा.

आणि आणखी एक. बत्ती गेली तरी बत्ती वाहणारा गेलेला नाही. आजही वरातीत जनित्राच्या गाड्यामागे वायरींनी जखडलेली विजेची झुंबरे डोक्यावर घेऊन माणसे चालतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतील आणि आपल्याही दारी वरात येईल. त्या वेळी त्या माणसांचे नाव विचारावे, त्यांना पाणी द्यावे, झुंबर उतरवून त्यांना पंगतीत आपल्या शेजारी बसवावे. स्नेह या शब्दाचे दोन्ही अर्थ तेव्हाच एकाच पात्रात एकत्र येतील.