व्हॅनमधली दुसरी बॅटरी: खिडकी पुरत नाही, खोक्याला दोन भोकं हवीत

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. विषय आहे कॅम्पर व्हॅनमधली जादा बॅटरी आणि तिला लागणारी हवा.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आमच्या मालवण-तारकर्लीकडे समुद्राला लागून गाडीतच झोपायची कल्पना कोणाला आवडणार नाही? माझा मावसभाऊ सध्या एका जुन्या ट्रॅव्हलरमध्ये बेड, पंखे आणि छोटा फ्रिज बसवतोय. वीज कुठून? घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, बेडखाली प्लायवूडच्या खोक्यात. मी म्हटलं, खोक्याला भोकं पाड. तो म्हणाला, "अरे, खिडकी आसा मां, मगे आणखी भोक कित्याक?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तरासाठी थोडं केमिस्ट्री, थोडं गणित.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होत आली, व्होल्टेज साधारण १४.४ च्या आसपास गेलं, की जादा करंट आतल्या पाण्याचं विघटन करू लागतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. म्हणूनच तर आपण अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर टाकतो. मालवणच्या मे महिन्यासारखा उकाडा असेल तर हे आणखी कमी व्होल्टेजला सुरू होतं. म्हणजे पंखा चालतो तेव्हा फारसा धोका नाही. धोका बॅटरी चार्ज होताना, त्यातही शेवटच्या टप्प्यात.

हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. आता हिशोब बघा. बॅटरी भरल्यावर वर गेलेल्या प्रत्येक १ अँपिअर-अवरला १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास अडीच लिटर हायड्रोजन निघतो. खोक्यात बॅटरीभोवती ६० लिटर मोकळी जागा धरा. तिचे ४ टक्के म्हणजे २.४ लिटर. जोरात चार्जिंग चालू असताना गॅस तयार करणारा करंट ३ अँपिअर धरला, तर बंद खोकं २० मिनिटांत धोक्याच्या रेषेवर!

खिडकी केबिनची आहे, खोक्याची नाही. अख्ख्या गाडीत ४ टक्के गॅस व्हायला खूप वेळ लागेल, पण खोक्याला तेवढा वेळ लागत नाही. आणि पावसात रात्री ती खिडकीसुद्धा आपण लावूनच झोपतो.

मग भोक केवढं? स्थिर बॅटऱ्यांसाठी आयईसी ६२४८५-२ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातलं सूत्र लावलं तर या बॅटरीला जोरात चार्जिंग होताना तासाला ०.९ घनमीटर हवा लागते. त्यासाठी आत येणारं एक आणि बाहेर जाणारं एक, अशी प्रत्येकी सुमारे २५ चौरस सेंटिमीटरची भोकं हवीत. म्हणजे ५ बाय ५ सेंटिमीटर. दोन बॅटऱ्या असतील तर दुप्पट. गाडीसाठी हा आकडा किमान समजा.

आता जागा. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका, तो वरच जाणार. म्हणून बाहेर जाणारं भोक खोक्याच्या सगळ्यात वरच्या भागात, आणि त्याचा पाइप चढता ठेवून थेट गाडीबाहेर. आत येणारं भोक समोरच्या बाजूला, खाली, सायलेन्सरपासून लांब. खोक्याचं झाकण केबिनच्या बाजूने रबर लावून घट्ट. इन्व्हर्टर, रिले, फ्यूज, स्विच खोक्याच्या आत ठेवायचे नाहीत; ठिणगी तिथेच पडते.

आपल्या किनाऱ्याची दोन खास दुखणी. खाऱ्या हवेने लोखंडी जाळी गंजून बुजते, म्हणून प्लास्टिक किंवा स्टेनलेसची जाळी लावा. जाळीच्या तारा जागा खातात, त्यामुळे भोक मोठं घ्या. दुसरं म्हणजे कुंभारीण माशी. गाडी पावसाळाभर उभी राहिली की ती मातीचं घर बांधून पाइप बंद करून टाकते. पहिल्या चार्जिंगआधी टॉर्च मारून बघाच. पाऊस आत येतो म्हणून भोकाला चिकटपट्टी लावू नका. वरून छज्जा द्या.

"मी मेंटेनन्स-फ्री घेतो" म्हणणाऱ्यांसाठी: मेंटेनन्स-फ्री म्हणजे गॅस-फ्री नव्हे. सीलबंद व्हीआरएलए बॅटरी कमी गॅस सोडते, पण तिलाही सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. लिथियम आयर्न फॉस्फेट नेहमीच्या चार्जिंगला हायड्रोजन सोडत नाही. मात्र तिला स्वतःचा चार्जर आणि बीएमएस लागतो, आणि उष्णता बाहेर जायला जागाही.

चार्जिंग शक्यतो दिवसा, जागे असताना करा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर बॅटरी ओव्हरचार्ज होतेय असं समजा. दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, आतल्या एकाही बटणाला हात लावू नका आणि चार्जिंग बाहेरच्या पॉइंटवरून बंद करा.

भावाने शेवटी होल-सॉ आणलाय. तुमच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या व्हॅनमध्ये बेडखाली बॅटरी असेल, तर आज झाकण उघडून दोन भोकं मोजा. भेटू पुढच्या भागात!