मालगाडी शिवारातच का उभी राहते?

जालन्याजवळच्या राजूरला अजून रेल्वे नाही. इथल्या गणपतीच्या दर्शनाला येणारे भाविक जालन्याला उतरतात आणि पुढचे सुमारे 25 किलोमीटर रस्त्याने येतात. मात्र ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला 174 किलोमीटरचा जालना-जळगाव मार्ग राजूर, भोकरदन, सिल्लोडवरून जाणार आहे. तेव्हा काही वर्षांनी इथल्या शेतकऱ्यांनाही हा प्रश्न पडेल. बदनापूर-परतूरकडच्यांना तो आताच पडतो: स्टेशन नाही, फाटक नाही, मग ही गाडी इथे कशाला थांबली?

बहुतेक वेळा उत्तर असतं ‘क्रॉसिंग’. छत्रपती संभाजीनगर-परभणी मार्ग एकेरी. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी सोडतात. समोरून देवगिरी एक्स्प्रेस किंवा वंदे भारत येत असेल, तर मालगाडीला आधीच्या स्टेशनात लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतात. प्रवासी गाडीला वेळापत्रक असतं. मालगाडीला बहुधा नसतं, कंट्रोलर तिला मोकळी फट शोधून देतो. स्टेशनात रूळ रिकामा नसला, की गाडी होम सिग्नलच्या बाहेर अडते. हा सिग्नल स्टेशनच्या बराच अलीकडे असतो, म्हणजे नेमका कुणाच्या तरी कपाशीशेजारी. कधी पुढचं फाटक बंद व्हायचं राहिलेलं असतं, कधी ड्युटीचे तास संपलेल्या चालकाच्या जागी दुसरा यायचा असतो.

दुसरं कारण खरं मजेदार आहे, कारण ते हवेचं आहे. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक पाइप जातो. त्यात दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाबाची हवा असते. आपल्याला वाटतं, हवा भरली की ब्रेक लागत असेल. पण रचना उलटी आहे: दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले, दाब उतरला की प्रत्येक वाघिणीखालच्या टाकीतली साठवलेली हवा ब्रेक दाबते. म्हणून दोन वाघिणींमधला रबरी होज निसटला किंवा कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. चालकाने काही करायची गरजच उरत नाही.

मग सहायक लोको पायलट खाली उतरतो आणि खडीतून चालत निघतो. पन्नास-साठ वाघिणींची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. मागून गार्ड येतो. 2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. दोघंही ‘फुस्स’ असा आवाज कुठून येतो ते ऐकत जातात. होज फाटला असेल तर बदलायचा. एखाद्या वाघिणीचा ब्रेक बिघडला असेल तर तेवढीच वाघीण ब्रेकमधून वेगळी करायची. इतकं झालं तरी गाडी लगेच हलत नाही. पाइप पुन्हा भरतो, शेवटच्या डब्यातला दाबाचा काटा पुरेसा चढतो, मगच निघायचं. लोक रूळ ओलांडायला घाई करतात ते नेमकं या वेळात, आणि उभ्या मालगाडीखालून वाकून जाणं तर निव्वळ वेडेपणा आहे. ती शिट्टी देऊन निघेलच, पण मधल्या वाघिणीखाली असलेल्याला ती ऐकू येईल याची खात्री नाही.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)-परभणी दुहेरीकरणाला जुलै 2025 मध्ये मंजुरी मिळाली. ते झालं की समोरासमोरच्या क्रॉसिंगसाठी थांबणं संपेल. मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट देणं मात्र चालूच राहील.