आगाऊ मोल दिलेले ताट

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही विहारनगरी १९७१ साली उघडली. तेथील निवासगृहांत उतरणाऱ्या कुटुंबास भोजनाचे पैसे आगाऊ भरता येतात. २०२० साली थांबलेली ही सोय २०२४ साली पुन्हा सुरू झाली. जितक्या रात्रींचा मुक्काम, तितक्या दिवसांची जेवणे खात्यावर जमा होतात. साध्या उपाहारगृहात पदार्थ स्वस्त घ्या वा महाग, जेवण एकच मोजले जाते. दहा वर्षांच्या मुलास प्रौढाचा दर पडतो. भूक मात्र लहानच असते. निघण्याच्या दिवशी मध्यरात्री उरलेली जेवणे रद्द होतात. मग केवळ वसुलीसाठी खाणे सुरू होते. म्हणून सुज्ञ गृहस्थाने आधी मुलांची भूक मोजावी आणि मग पैसे. या सोयीने खर्चाची चिंता मिटते. खर्च कमी होतोच, असे नव्हे.