सांभाळणाऱ्याला सुट्टी कोण देणार?

२०२५ मध्ये २१ सप्टेंबरच्या रविवारी जागतिक अल्झायमर दिन आणि सर्वपित्री अमावस्या एकाच दिवशी आले. एकीकडे घराघरांत पितरांची पानं वाढली जात होती, तर दुसरीकडे स्मृतिभ्रंशावर व्याख्यानं, फेऱ्या, तपासणी शिबिरं चालू होती. लक्षणं कोणती, डॉक्टरांकडे कधी जावं, कोडी सोडवल्याने फायदा होतो का, हे सगळं वाचकांनी त्या आठवड्यात भरपूर वाचलं. ते इथे पुन्हा सांगत नाही. त्या सगळ्या मजकुरात रुग्णाला चोवीस तास सांभाळणाऱ्या माणसाची सोय मात्र शोधूनही सापडली नाही. बहुतेक घरांत हा माणूस म्हणजे सून, लेक, नाहीतर स्वतः सत्तरी ओलांडलेली बायको.

आमच्या ओळखीच्या एका घरात रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास सासूबाई पदर खोचून, हातात रिकामी पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहतात. "अहो बाई, मला जाऊ द्या. आमचे हे येऊन बसले असतील, स्वयंपाक व्हायचाय." ज्यांना त्या 'बाई' म्हणतात ती त्यांची सून, कितीतरी वर्षं त्याच घरात राहिलेली. "आई, आपण घरीच आहोत" हे उत्तर तिने केव्हाच सोडून दिलं, कारण त्यावर सासूबाई जास्तच घाबऱ्या होतात. आता ती म्हणते, "चहा टाकलाय, घोटभर घ्या, मग मी सोडायला येते." चहा होतो, निघायचं राहून जातं, आणि अर्ध्या तासाने पिशवी पुन्हा हातात. दाराची कडी वर सरकवून झाली आहे. गॅस वापरला की सिलिंडरचा रेग्युलेटर लगेच बंद करावा लागतो. आंघोळीसाठी तासभर मनधरणी चालते. रात्री दोन वाजता कपाटं उघडल्याचा आवाज येतो आणि सून उठते. सख्ख्या भाचीच्या लग्नाला तिला जाता आलं नाही. नणंद फोनवर विचारते, "वहिनी, आईचं कसं काय?" वहिनी सगळं सांगते, फक्त स्वतःबद्दल बोलत नाही, कारण तिला तसं कोणी विचारलेलंच नसतं.

ब्युरोतून बाई ठेवावी म्हटलं, तर शहरात बारा तासांचे महिन्याला पंधरा ते पंचवीस हजार मोजावे लागतात. बरं, ब्युरोची बाई बदलत राहते, आणि या आजारात प्रत्येक नवा चेहरा ही नवी धास्ती असते. आठवडाभर वृद्धाश्रमात ठेवू म्हटलं, तर 'विस्मरण' हा शब्द ऐकताच बऱ्याच ठिकाणी नकार येतो. सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक दुपार आणि वर्षातून काही दिवस हक्काची सुट्टी मिळावी, तिचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा, ही मागणी अवाजवी नाही. काही देशांत हा हक्क कायद्यात लिहिलेला आहे, आणि रक्कम आकड्यांत छापलेली आहे.

त्यातलं जर्मनीचं उदाहरण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. त्यांचं सगळं बरोबर आहे म्हणून नव्हे, तर त्यांनी किंमत कशी मोजली आणि चूक कुठे केली, हे दोन्ही तिथे स्पष्ट दिसतं म्हणून.

गोष्ट नोरबर्ट ब्लूम या माणसाची आहे. ऱ्युसेल्सहाइमचा हा मुलगा ओपेलच्या मोटार कारखान्यात हत्यारं बनवणारा कामगार होता. संध्याकाळच्या शाळेत शिकला, तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली, राजकारणात आला, आणि १९८२ ते १९९८ अशी हेल्मुट कोल यांची पूर्ण कारकीर्द कामगारमंत्री राहिला. कोल यांच्या मंत्रिमंडळात सोळाही वर्षं टिकलेला हा एकच मंत्री. म्हातारपणी परावलंबी झालेल्या माणसाची देखभाल ही घराची खासगी अडचण आहे, की आजारपण आणि बेकारीसारखी सगळ्यांनी मिळून उचलायची जोखीम, हा वाद तिथे वीसेक वर्षं रेंगाळला होता. ब्लूम यांनी दुसरी बाजू घेतली आणि ती सोडली नाही. आजारपण, अपघात, निवृत्ती आणि बेकारी यांच्या जोडीला देखभालीचा पाचवा सक्तीचा विमा हवा, अर्धा हप्ता कामगाराचा आणि अर्धा मालकाचा, असा त्यांचा प्रस्ताव होता.

मालकांनी विरोध केला. मजुरीचा खर्च वाढेल, कारखाने बाहेर जातील, ही नेहमीची तक्रार होती. अखेर तडजोड झाली ती मला फार बोलकी वाटते. मालकांना भरपाई म्हणून देशाने आपली एक सार्वजनिक सुट्टी सोडली. नोव्हेंबरमधल्या एका बुधवारी येणारा प्रोटेस्टंट पंथीयांचा प्रायश्चित्त-प्रार्थनेचा दिवस १९९५ पासून कामाचा दिवस झाला. एकट्या सॅक्सनी राज्याने सुट्टी सोडली नाही. त्यामुळे तिथला कामगार आजही या विम्याचा जास्त वाटा भरतो: एकूण ३.६ टक्क्यांपैकी त्याचे २.३ आणि मालकाचे १.३. इतरत्र दोघांचे निम्मे-निम्मे. घरी सांभाळणाऱ्यांना सुट्टी मिळावी म्हणून बाकीच्यांनी आपली एक सुट्टी दिली, असा हा व्यवहार. लोकांना तो आवडला नव्हता, पण तो टिकला. ब्लूम यांना २०१९ मध्ये रक्तात जंतुसंसर्ग (सेप्सिस) झाला, हातपाय लुळे पडले, आणि चाकाच्या खुर्चीतून त्यांनी या परावलंबनाबद्दल लिहिलं. एप्रिल २०२० मध्ये ते गेले.

आता चुकीबद्दल. १९९५ ची योजना मिनिटांवर बेतलेली होती. धुणं-पुसणं, खाऊ घालणं, उठवणं-चालवणं यांना दिवसाला किती मिनिटं लागतात, त्यावरून परावलंबनाच्या तीन पायऱ्या ठरत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे पाय धड असतात, हात धड असतात. तो स्वतः जेवू शकतो, फक्त जेवायचं आहे हे त्याला सांगावं लागतं. चालू शकतो, म्हणूनच तर तो हरवतो. त्याच्यावर दिवसभर नजर ठेवणं हे काम त्या मिनिटांत धरलंच नव्हतं. लाखो कुटुंबं अपात्र ठरली किंवा खालच्या पायरीवर अडकली. २००२ मध्ये त्यांच्यासाठी वर्षाला ४६० युरोंची जोड आली, पुढे ती वाढत गेली. खरी दुरुस्ती व्हायला १ जानेवारी २०१७ उजाडला. तीन पायऱ्या जाऊन पाच श्रेणी आल्या, आणि भान, ओळख, वागणं यांचं नुकसान शरीराच्या नुकसानीइतकंच मोजलं जाऊ लागलं. म्हणजे बावीस वर्षं गेली. आपल्याकडे कोणी अशी योजना लिहायला बसणार असेल, तर त्याने पहिल्या पानावर ही तारीख लिहून ठेवावी.

आज तिथे काय मिळतं? १ जुलै २०२५ पासून दुसऱ्या आणि त्यावरच्या श्रेणीतल्या प्रत्येक रुग्णामागे वर्षाला ३,५३९ युरोंपर्यंत, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या वर, फक्त विसाव्यासाठी ठेवलेले असतात. त्यातून घरी बदली माणूस आणा किंवा रुग्णाला काही दिवस देखभाल केंद्रात ठेवा. दोन्हींची मर्यादा वर्षाला आठ आठवडे. आधी यासाठी दोन वेगळ्या थैल्या होत्या आणि सहा महिने सांभाळल्यावरच बदली माणसाचे पैसे मिळत. ती अट गेली, थैली एक झाली. घरी सांभाळल्याबद्दल मिळणारा मासिक भत्ता वेगळा. तो दुसऱ्या श्रेणीला ३४७ युरो, पाचव्या श्रेणीला ९९०. शिवाय ठरावीक तास सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तिवेतनाचा हप्ताही विमा भरतो. नोकरी सोडून आईला सांभाळणाऱ्या लेकीचं म्हातारपण कोरडं जाऊ नये, हा विचार त्यामागे आहे. मला या सगळ्या रकमांपेक्षा हा हप्ता मोठा वाटतो.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते पाहू. समजा, एक लेक आईला घरी सांभाळते. दर मंगळवारी तीन ते सहा शेजारची एक बाई येऊन आईजवळ बसते, तिच्याशी पत्ते खेळते, जुने फोटो बघते. लेक पोहायला जाते. शेजारणीला दिलेल्या पैशांची नोंद ती ठेवते: तारीख, तास, रक्कम, सही. नंतर तो कागद विमा संस्थेकडे जातो आणि पैसे परत मिळतात. बदली माणूस दिवसात आठ तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर लेकीचा मासिक भत्ता कापला जात नाही आणि तो दिवस आठ आठवड्यांत मोजलाही जात नाही. नियम छोटा आहे, पण त्यामुळे सुट्टी म्हणजे मोठा प्रवास असं न राहता मंगळवारची दुपार झाली. ज्याने कोणी हा नियम लिहिला, त्याला असं घर आतून माहीत असणार.

तरीही तिथे सगळं सुरळीत नाही. केंद्रांत अल्पमुदतीच्या खाटा मिळणं कठीण. खाटेचं आणि जेवणाचं भाडं घरच्यांनाच भरावं लागतं. कागदपत्रांना कंटाळून कित्येक कुटुंबं हक्काचे पैसे घेतच नाहीत. नव्या जागी रुग्ण बावरतो, परत आल्यावर आठवडाभर सैरभैर असतो, म्हणून 'नकोच ती सुट्टी' म्हणणारेही आहेत. संशोधकांचा हातही आखडता आहे. स्मृतिभ्रंशातल्या विसाव्याच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये घेतलेला आढावा पाहिला, तर मोजक्या, लहान चाचण्या आणि ठाम निष्कर्ष नाही, इतकंच हाती लागतं. काही जण यावरून 'मग पैसे कशाला?' असं विचारतात. मला हा प्रश्नच मान्य नाही. कारखान्यातल्या कामगाराला साप्ताहिक सुट्टी देताना तिने आयुष्य किती वाढतं याचा पुरावा आपण मागितला नव्हता.

या विम्याचा मराठी घरांशी थेट संबंधही आहे. म्युनिक, स्टुटगार्ट, बर्लिनला नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या पगारातून हा हप्ता दर महिन्याला कापला जातो. तेवीस वर्षांवरच्या निपुत्रिकांकडून ०.६ टक्के जादाच. तिथल्या शेजारच्या आजोबांच्या विसाव्यात त्यांचा वाटा असतो. कोथरूड, ठाणे किंवा सांगलीत आपल्या आजोबांना सांभाळणाऱ्या आईच्या वाट्याला मात्र त्यातलं काही येत नाही आणि इथलंही काही येत नाही.

इथलं चित्र काय? 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीनुसार साठीच्या पुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांत प्रमाण जास्त, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. चांगली योजना आहे, पण ती रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. हा आजार रुग्णालयात नव्हे, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात वर्षानुवर्षं चालतो. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात मोठ्या आधाराची गरज असलेल्यांसाठी देखभाल करणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे. पण त्याच कायद्याच्या यादीत पार्किन्सन आहे, स्मृतिभ्रंशाचं नाव नाही.

सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट पुढेच आहे. सरकारी पैशातून विसावा ही कल्पना भारताला नवी नाही. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टची 'समर्थ' ही योजना नेमकी त्यासाठी निघाली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपैकी काही असलेल्यांना गरजेच्या काळात निवासी सांभाळ देणारी. तत्त्व मान्य झालेलं आहे. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या घरांपर्यंत ते पोहोचवायचं राहिलं आहे.

इतर राज्यांत थोडं थोडं झालं आहे. केरळने 'आश्वासकिरणम' योजनेत पूर्णवेळ सांभाळणाऱ्यांना महिन्याला ६०० रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी, पण सांभाळणाऱ्या माणसाच्या नावाने ती निघते. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर संस्थेबरोबर 'स्मृतिपथम' नावाची केंद्रंही तिथे उभी राहिली. गोव्यात तर आपल्याच वळणाच्या घरांत प्रयोग झाला. डॉ. अमित डायस आणि 'संगात' या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी तिसवाडी-बार्देशातली ८१ कुटुंबं अभ्यासात घेतली आणि त्यातल्या सुमारे निम्म्यांकडे स्थानिक सल्लागार पाठवले. हे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली गावातलीच माणसं होती. ती पंधरवड्याला घरी जात, ऐकून घेत, आंघोळीचा तंटा कसा टाळावा ते सांगत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारल्याचं दिसलं. हा विसावा नव्हे, पण विसाव्यासाठी लागणारी माणसं अशीच तयार होतात.

खाटांपासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. जर्मनीलाच त्या पुरत नाहीत. पुणे, ठाणे, मुंबईत पालिकांची विरंगुळा केंद्रं आहेत. धडधाकट ज्येष्ठ तिथे कॅरम खेळतात, वर्तमानपत्रं वाचतात. दुपारी बारा ते चार त्यातली बरीच रिकामी असतात. आठवड्यातून दोन दुपारी तिथे स्मृतिभ्रंशाचा छोटा गट चालवता येईल: आठ-दहा माणसं, दोन प्रशिक्षित मदतनीस, दाराला नीट कडी, स्वच्छ संडास. खेड्यात हे काम घरी जाऊन करावं लागेल आणि आशाताईंच्या डोक्यावर न टाकता वेगळं मानधन देऊन करावं लागेल.

पैसा कुठून, हा प्रश्न येईलच. तो महाराष्ट्राने एकदा सोडवला आहे. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ते तेच. दुष्काळी गावातल्या मजुराचा कामाचा हक्क नोकरदाराच्या पगारातून उभा राहिला. या कराची वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा राज्यघटनेतच आहे, त्यामुळे विसाव्याचा निधी त्यातून निघणार नाही, स्वतंत्र तरतूद लागेल. पण अनोळखी माणसाच्या हक्कासाठी पगारातून वाटा द्यायला हे राज्य तयार झालं होतं, हे विसरता येत नाही. मार्चच्या अर्थसंकल्पात या तरतुदीची एक ओळ यायला हवी, आणि ती लिहिणाऱ्याने ने-आण करणाऱ्या गाडीचा खर्च त्यातच धरावा. ज्या घरात बाहेर पडायला दुसरा माणूस नाही, तिथे केंद्र दोन गल्ल्यांवर असलं तरी गाडीशिवाय कोणी पोहोचत नाही.