शूरवीरांची छापील चित्रं कोणासाठी होती?

आज आपण लढाईच्या छापील चित्रांबद्दल बोलणार आहोत. विषय मुख्यतः जपानी सामुराईंच्या चित्रांचा आहे, पण सुरुवात आपल्या दारातूनच करू या.

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. 1679 मध्ये पावसाळा सरत आला असताना मायनाक भंडारी यांच्या हाताखाली शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना हे खपण्यासारखं नव्हतं. 18 ऑक्टोबर 1679 रोजी मराठ्यांचं आरमार आणि इंग्रजांची जहाजं या पाण्यात भिडली. इंग्रजांचं ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागलं, ‘रिव्हेंज’ मात्र टिकून राहिलं. पुढच्या वर्षी इंग्रजांनी नाद सोडला आणि बेट महाराजांकडेच राहिलं. 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे.

या लढाईचा तपशील आज आपण वाचतो तो बहुतांशी इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून. छापील चित्राचा तर प्रश्नच नव्हता, कारण मराठी मुलखात तेव्हा चित्रं छापणारा छापखाना नव्हता. नेमक्या त्याच सुमाराला जपानच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हिशिकावा मोरोनोबू नावाचा चित्रकार छापील पुस्तकांसाठी योद्ध्यांची चित्रं काढत होता. पुढची दोनशे वर्षं तिथे अशी चित्रं निघत राहिली. ती विकत कोण घेत होतं, आणि का? आजचा आपला प्रश्न हा आहे.

चित्र तयार कसं व्हायचं

जपानी भाषेत या चित्रांना ‘मुशा-ए’ म्हणतात. मुशा म्हणजे योद्धा, ए म्हणजे चित्र. एक चित्र चार जणांच्या हातांतून जायचं. पैसा घालणारा प्रकाशक, चित्रकार, लाकूड कोरणारा कारागीर आणि छापणारा. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करायचा. ते रानचेरीच्या फळीवर उलटं चिकटवायचं आणि रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचं. म्हणजे मूळ रेखाटन त्यातच संपायचं. प्रत्येक रंगाला वेगळी फळी. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला खुणेच्या खाचा असत. फळीवर रंग लावायचा, वर तुतीवर्गातल्या झाडाच्या सालीचा ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या पापुद्र्यानं मढवलेल्या चकतीनं घासायचं. यात यंत्र कुठेच नाही. अनेक रंगांची अशी छपाई 1765 पासून रुळली.

एक ताव साधारण 39 बाय 26 सेंटीमीटरचा. लढाई त्यात मावणार कशी? मग तीन ताव शेजारी शेजारी लावायचे. आपण डावीकडून वाचतो, पण ही चित्रं उजवीकडून डावीकडे बघायची असतात. उतारा किनगावकडे... नव्हे, उतरणारी लाट कुठून येते आणि कुणावर कोसळते, हे त्या दिशेनं पाहिलं तरच कळतं.

उतागावा कुनियोशीचं एक तीन तावांचं चित्र आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांनी जरूर पाहावं. 1185 मध्ये दान-नो-उराच्या समुद्री लढाईत तायरा घराणं बुडालं. जिंकणाऱ्या बाजूचा सेनापती योशित्सुने पुढे जहाजातून निघाला असताना दाइमोत्सूच्या खाडीत त्या बुडालेल्यांची भुतं त्याच्यावर चाल करून येतात, अशी कथा आहे. चित्रात जहाज लाटेवर कललेलं आहे, माणसं शिडाशी झुंजताहेत आणि मागे काळसर निळ्या आकाशात भुतांच्या आकृत्या उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला छापलेलं हे चित्र सातशे वर्षांपूर्वीच्या लढाईबद्दल आहे. मेलेले शत्रू जिंकणाऱ्याला सोडत नाहीत, एवढंच ते सांगतं.

गिऱ्हाईक कोण होतं

आता गंमत बघा. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, 1638 मध्ये शिमाबाराचं बंड मोडलं, आणि त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं जपानात मोठी लढाई झालीच नाही. शेतकऱ्यांची शस्त्रं तर हिदेयोशीनं 1588 मध्येच काढून घेतली होती. कमरेला दोन तलवारी लावायचा हक्क फक्त सामुराईंचा. आणि तो सामुराई तरी काय करत होता? बहुतेक जण कचेरीत कागद हाताळत होते.

ही चित्रं घेणारे मुख्यतः शहरातले दुकानदार, कारागीर, मजूर, आग विझवणारे. एका चित्राची किंमत साधारण वाडगाभर शेवयांइतकी. म्हणजे लढाई न पाहिलेला, दोन तलवारी लावायची परवानगी नसलेला माणूस लढाईचं चित्र घरी नेत होता. कुनियोशीला खरं नाव मिळालं ते 1827 च्या सुमाराला काढायला घेतलेल्या एका चित्रमालेमुळे. तिचे नायक कोण? जुन्या चिनी कादंबरीतले 108 बंडखोर. जुलमी अधिकाऱ्यांविरुद्ध डोंगरात गेलेले, अंगभर गोंदवलेले. शहरातल्या कष्टकऱ्यांना ते आपले वाटले, आणि तसं गोंदवून घ्यायची लाटच आली.

नाव बदला, चित्र छापा

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. 1573 नंतरच्या खऱ्या योद्ध्यांची नावं छापायला बंदी होती, कारण तो काळ सत्ताधारी तोकुगावा घराण्याच्या उदयाचा. 1804 मध्ये उतामारो या नामांकित चित्रकारानं हिदेयोशीचं चित्र काढलं म्हणून त्याला 50 दिवस हातकड्या घातल्या.

मग लोकांनी वाट काढली. नोबुनागाचं आडनाव ओदाऐवजी ‘ओता’ करायचं. 1703 मध्ये धन्याचा सूड घेऊन मेलेल्या 47 सामुराईंची गोष्ट नाटकात चौदाव्या शतकात नेऊन ठेवली, नावं थोडी बदलली. प्रेक्षकांना सगळं कळत होतं. 1843 मध्ये कुनियोशीनं आजारी पडलेला सरदार योरिमित्सू, पटावर खेळत बसलेले त्याचे रक्षक आणि मागे गर्दी केलेली भुतं असं चित्र काढलं. लोकांनी लगेच अर्थ लावला: झोपलेला तो आपला शोगुन, आणि भुतं म्हणजे नव्या कडक नियमांनी पोळलेली जनता. चर्चा इतकी वाढली की प्रकाशकानं चित्र मागे घेऊन फळ्याच नष्ट केल्या.

मराठी माणसाला ही युक्ती नवी नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, पण कीचक म्हणजे कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. 1910 मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली.

तलवार उतरते, चित्र चढतं

आता दोन सनावळ्या शेजारी ठेवू. 1876 मध्ये जपानच्या नव्या सरकारनं सैन्य-पोलीस सोडून इतरांना तलवार बाळगून फिरायला मनाई केली. सामुराई हा वर्गच संपला. पुढच्याच वर्षी सात्सुमात त्यांचं शेवटचं बंड झालं, आणि त्या बंडाची चित्रं योशितोशीसारख्या चित्रकारांनी भराभर काढली.

इकडे 1878 मध्ये लिटनच्या सरकारनं शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना लागू झाला. त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांवर बंधनं घालणारा कायदाही आला. आणि त्याच 1878 मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर चित्रशाळा काढली. कायदा झाला म्हणून चित्रशाळा निघाली, असं आपण म्हणणार नाही. पण हवा तीच होती.

चित्रशाळेत लाकडी ठसे नव्हते, शिळाछाप होता. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईनं चित्र काढायचं. शिळा ओली केली की पाणी तेलकट भागाला चिकटत नाही आणि छपाईची शाई फक्त तिथेच बसते. इथेही प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. या शिळांवरून रामपंचायतन निघालं, तसे शिवाजी महाराज, पेशवे आणि नाना फडणीसही निघाले. पेशवाई 1818 मध्ये बुडाली होती. आपल्या किनाऱ्यावरचं आंग्र्यांचं कुलाबा संस्थान 1840 च्या सुमाराला इंग्रजांनी खालसा केलं होतं. म्हणजे ज्या घरातली तलवार माळ्यावर गेली, त्याच घरात हे चित्र देवांच्या शेजारी लागलं. पुढे टिळकांनी रायगडावरच्या समाधीसाठी आवाहन केलं आणि 1896 च्या एप्रिलमध्ये गडावर उत्सव झाला. तोवर महाराजांचा छापील चेहरा मराठी घरांना परका राहिला नव्हता.

एक फरक मात्र आहे. जपान्यांनी घमासान लढाई कागदावर आणली. आपल्याकडच्या या चित्रांत जास्त करून देव आणि दरबारी पुरुष दिसतात. आपली लढाई राहिली पोवाड्यात, डफावर. शाहिराच्या तोंडचे हे पोवाडे अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये पुस्तकात छापले.

छापणाऱ्याचा शब्द

याची किंमत आपल्या किनाऱ्यानं मोजली आहे. डिसेंबर 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. पण त्या मोहिमेची हकिगत लंडनमध्ये 1737 मध्ये छापली ती क्लेमंट डाउनिंग या इंग्रज खलाशानं, आणि त्यात सरखेल कान्होजी आंग्रे ‘चाचे’ ठरले. 1756 मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा ते दृश्य रंगवलं लंडनमधल्या डॉमिनिक सेरेसनं. जिंकलेली लढाई आपल्याकडे शब्दात राहिली, हरलेलीचं चित्र दुसऱ्यानं काढलं. ‘पायरेट’ हा शब्द इंग्रजी पुस्तकांतून हटायला किती काळ लागला, हे अलिबागकरांना वेगळं सांगायला नको.

म्हणून, मंडळी, लढाईचं चित्र समोर आलं, मग ते संग्रहालयात असो, कॅलेंडरवर असो की मोबाइलवर कुणी पाठवलेलं असो, तर आपण चार गोष्टी विचारायच्या. लढाई कधीची आणि चित्र कधीचं? ते विकत कोण घेत होतं? त्या वेळी काय बोलायला मनाई होती? आणि ते काढणारा कुठल्या बाजूला होता?

या प्रश्नांनी चित्राची गोडी कमी होत नाही. कुनियोशीची लाट तेवढीच उंच राहते, भिंतीवरच्या महाराजांपुढे हात तसेच जोडले जातात. फक्त एक होतं. चित्रातल्या शूरवीराबरोबरच ते चित्र पै-पैसा देऊन घरी नेणारा निःशस्त्र माणूसही आपल्याला दिसू लागतो. त्याला काय म्हणायचं होतं आणि ते त्याला उघड का म्हणता येत नव्हतं, हे कळलं, की लढाईचं चित्र नुसतं मिरवायची वस्तू राहत नाही, ते वाचायचं कागदपत्र होतं.