बोटीखाली पाणी किती? जुना डेप्थ साउंडर बदलायचा तर काय बघायचं

तुमच्या फोनला तुम्ही कुठे आहात ते कळतं, किती उंचीवर आहात तेही अंदाजे कळतं. पण तोच फोन घेऊन बोटीत बसलात आणि विचारलंत, "खाली पाणी किती खोल आहे?", तर तो गप्प बसतो. जीपीएसचा सिग्नल आकाशातून येतो आणि पाण्यात शिरला की संपतो. मॅपवर खोलीचे आकडे दिसले, तरी ते कुणीतरी पूर्वी मोजून ठेवलेले असतात. आत्ता, या क्षणी, या जागी किती पाणी आहे हे सांगायला बोटीवर वेगळं यंत्र लागतं. त्याचं नाव डेप्थ साउंडर.

नाशिकमध्ये बसून मी यॉटबद्दल का लिहितोय? मित्राच्या काकांनी एक जुनी, फायबरची मोटर यॉट विकत घेतली. ती अलिबागच्या बाजूला नांगरलेली असते. तिच्यावरचा डेप्थ साउंडर बोटीइतकाच जुना होता. "तू मोबाईलचं सगळं बघतोस ना, मग हेही बघ," असं म्हणून काकांनी ते काम माझ्याकडे दिलं. त्यातून जे समजलं ते इथे सांगतो. शेवटी हाच विषय आपल्या नळाच्या पाण्यापर्यंत येतो, त्यामुळे बोट नसली तरी वाचा.

यंत्र चालतं कसं?

बोटीच्या तळाशी ट्रान्सड्यूसर नावाचा एक छोटा भाग बसवलेला असतो. त्यात पिझोइलेक्ट्रिक पदार्थाची चकती असते. तिला वीज दिली की ती थरथरते आणि आवाज तयार होतो. उलट, आवाज तिच्यावर आदळला की ती वीज तयार करते. म्हणजे एकच चकती स्पीकर आणि माइक अशी दोन्ही कामं करते. हा गुण १८८० मध्ये फ्रान्सच्या क्युरी बंधूंनी शोधला. सोनोग्राफीचा प्रोब, गाडीचा पार्किंग सेन्सर आणि काही फोनमधला स्क्रीनखालचा अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंट सेन्सर याच तत्त्वावर चालतात.

चकती खाली एक आवाज सोडते, तो तळाला आपटून परत येतो आणि यंत्र मधला वेळ मोजतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, हवेपेक्षा चौपटीहून वेगाने. तळ १० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे सुमारे १३ मिलिसेकंद. झाली खोली मोजून.

हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो, आणि बोटींवर बहुतेक वेळा ५० किंवा २०० किलोहर्ट्झ वापरतात. ५० चा आवाज खोलवर पोचतो, पण रुंद पसरतो आणि बारकावे कमी दाखवतो. २०० चा आवाज उथळ पाण्यात तळाचं स्वच्छ चित्र देतो. नव्या यंत्रांत 'चर्प' असतं, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीऐवजी खालून वर सरकत जाणारा आवाज. त्यामुळे जवळजवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात.

जुनं यंत्र चालू आहे, मग बदलायचं कशाला?

काकांचा हाच प्रश्न होता. त्यांच्या यंत्रात गोल तबकडी होती आणि तिच्यामागे एक लाल दिवा गरगर फिरायचा. प्रतिध्वनी आला की दिवा चमकायचा, आणि चमक ज्या आकड्यासमोर दिसेल ती खोली. कल्पना भारी आहे, पण अडचणी तीन.

पहिली, भर उन्हात चमक दिसत नाही. दुसरी, उथळ पाण्याचा अलार्म नाही. सुकाणू धरणाऱ्याने सतत तिकडेच बघत राहायचं. तिसरी सगळ्यात धोक्याची. तबकडीची एक फेरी ६० फुटांची असेल आणि पाणी ६५ फूट असेल, तर प्रतिध्वनी दुसऱ्या फेरीत येतो आणि दिवा ५ फुटांवर चमकतो! तिथे माणूस उगाच घाबरतो. मग हळूहळू "हे यंत्र असंच बोलतं" म्हणून दुर्लक्ष करायची सवय लागते. ज्या दिवशी खरंच ५ फूट पाणी असेल, त्या दिवशी ही सवय महागात पडते. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात भरती-ओहोटीचा फरक उधाणाला ५ मीटरच्या आसपास जातो. सकाळी जिथून आरामात गेलात, तिथे दुपारी खडक वर आलेला असू शकतो.

बदलताना काय तपासायचं?

१. फक्त स्क्रीन बदलून चालेल का? बहुतेकदा नाही. जुना ट्रान्सड्यूसर आणि नवी स्क्रीन यांची फ्रिक्वेन्सी, पॉवर आणि कनेक्टर जुळावे लागतात. चार्जरची पिन बसली म्हणून फास्ट चार्जिंग होत नाही, तसंच हे. दोन्ही एकत्र घेतलेलं बरं.

२. ट्रान्सड्यूसर बसवायचा कुठे? तीन पर्याय आहेत. तळाला भोक पाडून आरपार, बोटीच्या मागच्या बाजूला ब्रॅकेटवर, किंवा आतून तळाला चिकटवून. आरपार बसवायचा तर बोट पाण्याबाहेर हवी. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा हे काम उरकतात. आतून चिकटवायला भोक लागत नाही, पण तळ एकसंध फायबरचा हवा. लाकूड किंवा मध्ये फोमचा थर असेल तर आवाज तिथेच अडतो.

३. आधी चाचणी घ्या. चिकटवण्याआधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरा, ट्रान्सड्यूसर त्यात बुडवा आणि पिशवी आतून तळावर दाबून धरा. स्क्रीनवर खोली नीट आली तर जागा योग्य. आम्ही दोन ठिकाणी करून पाहिलं. एका जागी आकडा उड्या मारत होता, दुसऱ्या जागी स्थिर होता. चिकटवताना इपॉक्सीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, कारण हवा आली की आवाज परत फिरतो.

४. ऑफसेट भरा. यंत्र ट्रान्सड्यूसरपासून खाली मोजतं. समजा, तो पाण्याच्या पातळीखाली ०.४ मीटरवर आहे आणि बोटीचा सगळ्यात खालचा भाग, म्हणजे पंखा, १.१ मीटरवर. स्क्रीनवर २.० आलं, तर खरी खोली २.४ मीटर आहे, पण पंख्याखाली पाणी फक्त १.३ मीटर. सेटिंगमध्ये यातलं काय दाखवायचं ते एकदा ठरवा आणि बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगा. एकाने एक समजून घेतलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर नव्या यंत्राचा उपयोग शून्य.

५. दोरीने पडताळा. दोरीला शिशाचा गोळा बांधून खाली सोडायचा आणि आकडा जुळतो का बघायचं. कोकणातले दर्यावर्दी खोली 'वाव'मध्ये सांगतात. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, साधारण सहा फूट. इंग्रजांचा फॅदमही तेवढाच.

फोनवर दिसेल का?

दिसेल. बोटींवरची यंत्रं एकमेकांशी एनएमईए नावाच्या भाषेत बोलतात. जुनी ०१८३ आवृत्ती साध्या अक्षरांत ओळी पाठवते. त्यातल्या 'डीबीटी' ओळीत एकच खोली फूट, मीटर आणि फॅदम अशा तिन्ही मापांत असते. म्हणजे आजच्या डिजिटल संदेशातही वाव शिल्लक आहे! वायफाय असलेली स्क्रीन किंवा छोटा गेटवे हे आकडे फोनवर आणतो. तरीही मुख्य स्क्रीन वेगळीच ठेवा. उन्हात फोन तापतो, बॅटरी संपते, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी कॉल येतो.

आणि आता गंगापूर धरण

हेच यंत्र नाशिकसाठी त्याहून मोठं काम करतं. दिंडोरी रोडवर मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, १९५९ पासूनची. धरणांमध्ये किती गाळ साचला याचा अभ्यास तिथे होतो. बोटीवर डेप्थ साउंडर आणि जीपीएस लावून जलाशयात ठरावीक रेषांवर फिरायचं. त्या दिवशीच्या पाणीपातळीतून खोली वजा केली की तळाची उंची मिळते. मूळच्या तळापेक्षा ती जितकी वर, तितका गाळ.

इथे छोटी चूकही मोठी ठरते. गोड्या पाण्यात १० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,४४७ मीटर असतो, ३० अंशांना १,५०९. फरक चार टक्के, म्हणजे १० मीटर खोलीला ४० सेंटिमीटर. बोटीला ते चालून जाईल, पण अख्ख्या जलाशयावर ४० सेंटिमीटर म्हणजे प्रचंड पाणी. म्हणून सर्वेक्षणाआधी ट्रान्सड्यूसरखाली मोजलेल्या अंतरावर धातूची पट्टी सोडून यंत्र जुळवून घेतात. आमच्या दोरीच्या चाचणीचंच हे मोठं रूप.

गोदावरीवरच्या गंगापूर धरणाची मूळ क्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट होती. आज ती ५,६३० धरतात, म्हणजे पाचव्या भागाहून जास्त जागा गेली. वरून बघितलं तर यातलं काहीच दिसत नाही. धरण भरलं की आपण "शंभर टक्के" म्हणून फोटो शेअर करतो, पण ते शंभर टक्के पूर्वीइतके राहिलेले नाहीत. पुढच्या वेळी तो आकडा वाचाल, तेव्हा कशाचे शंभर टक्के, हेही विचारा.